भिंतीवरचे तीन ठोके

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिंपिणीच्या कानावर शेजारच्या आत्या-भाचीचं बोलणं आपसूक पडत होतं.

“आत्या, आजोबांच्या आठवणीसाठी कॉम्प्युटरवर धून बांधलीय. ऐक.”

“हे कुठलं गं वाद्य?”

“वाद्य नाही. आजोबा पलंगावरून भिंतीवर काठी ठोकायचे ना, त्याचं रेकॉर्डिंग होतं माझ्याकडे. तोच ठेका घेतला.”

“अगं बाई! तीन ठोके म्हणजे पाणी हवं.”

“जमलंय ना?”

“जमलंय गं. पण किती वेळ ठोकतायत बिचारे! कुणी जातच नाहीये.”

“आत्या, गाणं आहे ते.”

“असू दे. अकरा वर्षं मी त्यांना दुसऱ्यांदा ठोकू दिलं नाही.”

“मग बंद करू?”

“नको. त्यात माझा आवाज घाल. रेकॉर्डिंग चालू कर.”

“केलं. बोल.”

“आले हो, बाबा. आलेच.”