बी-सात नंबरचा आवळा

(बेंगळूर, १९५८. कार्तिकातली दुपार. छावणीच्या तळ्यातलं एक लहान बेट. आवळ्याच्या झाडाखाली तीन दगडांची चूल पेटलेली आहे.)

रघुजी : ...आणि म्हणून, नागरिकहो, या बेटानं साम्राज्य उगवताना पाहिलं, मावळताना पाहिलं. वीरांच्या रक्तानं इथली माती...

सोयराबाई : भाऊजी, पातेलं उतरवा. भात खाली लागतोय.

रघुजी : वैनी, चार वाजता मंत्र्यांसमोर बोलायचंय मला. घोकू द्या की स्वल्प.

सोयराबाई : घोका. पण रक्त कुणाचं तेवढं सांगा. लढाईभर तुम्ही इथं पलटणीची होडी वल्हवलीत. मला तर एकच आठवतं, आचाऱ्यानं कांदा चिरताना बोट कापून घेतलं होतं.

रघुजी : सभेत आचारी म्हणता येत न्हाई.

सोयराबाई : मग शिपाई म्हणा. इथं तंबू, घोंगड्या अन् बटाटे राखायला पलटण होती म्हणून सांगितलं, तर बाग उघडायची राहील काय?

श्रीकांत : एक्स्क्यूज मी. मी श्रीकांत मराठे, बागखात्याचा असिस्टंट इंजिनिअर. ही चूल कुणाची?

सोयराबाई : दिसत न्हाई? मी फुंकतेय.

श्रीकांत : मराठी बोलता तुम्ही? बरं झालं, काकू. पुण्याहून येऊन चार महिने झाले, इथे कुणावर रागवायचं म्हटलं तरी आधी कन्नड शब्द शोधावा लागतो.

सोयराबाई : अक्का म्हण. इथं सगळे अक्काच म्हणतात, अन् धाकट्या भावाला तम्मा. आमची माणसं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आली. तू कशानं आलास?

श्रीकांत : रेल्वेनं. थर्ड क्लासनं. अक्का, ही चूल विझवा आणि उठा. आजपासून हे बेट पब्लिकचं आहे.

सोयराबाई : म्हणून तर आलो.

श्रीकांत : चार वाजेपर्यंत पब्लिकला मनाई आहे.

सोयराबाई : अन् चारनंतर?

श्रीकांत : चारनंतर येता येईल. फक्त चूल पेटवायची नाही, जेवायचं नाही आणि झाडाखाली बसायचं नाही.

सोयराबाई : मग पब्लिकनं करायचं काय?

श्रीकांत : बघायचं.

रघुजी : वैनी, सरकारी माणूस हाय. उठू या. आवळीभोजन घरी करू, परसात.

सोयराबाई : परसात नारळ हाय. नारळाखाली आवळीभोजन कुणी केलंय? तम्मा, ऐक. हे झाड माझ्या आजेसासूनं लावलं. एक्केचाळीस साली पलटण आली, सगळीकडून काटेरी तार ओढली. कार्तिक लागला तशी माझी सासू पातेली घेऊन गोऱ्या कप्तानासमोर उभी राहिली. म्हणाली, या झाडाखाली जेवल्याबिगर आमचा कार्तिक सरत न्हाई.

श्रीकांत : मराठीत?

सोयराबाई : मग काय इंग्रजीत? त्याला एक अक्षर कळलं न्हाई, म्हणून वादच झाला न्हाई. पहिल्या साली शिपायानं भातात संगीन खुपसून बघितली, आत बाँब हाय काय म्हणून. दुसऱ्या साली संगीन बाजूला ठेवून तोच पंगतीला बसला.

रघुजी : तिसऱ्या साली लोणचं मागून नेलं. हे भाषणात घेतलंय मी. ‘उभय पक्षांतील स्नेह’ म्हणून.

श्रीकांत : अक्का, प्रश्न तुमच्या भाताचा नाही. मला हे झाड तोडायचंय. खाली होडीपाशी आमचा मजूर मल्लाप्पा कुऱ्हाड घेऊन उभा आहे.

सोयराबाई : काय करायचंय?

श्रीकांत : बुंध्यावर बघा. बी-सात. पलटणीनं प्रत्येक वास्तूला नंबर दिले होते. बी-एक कोठी, बी-दोन मुदपाकखाना, असं करत बी-सहा संडास. ते सगळं पाडून झालं. ऑर्डर अशी आहे की बी नंबरची सर्व लष्करी बांधकामं उद्घाटनापूर्वी जमीनदोस्त करावीत. बी-सात राहिलंय.

रघुजी : तो नंबर मीच रंगवलाय की. कोठीपासून सगळ्यांना नंबर घातले, डब्यात रंग उरला. कप्तान म्हणाला, वाया घालवू नको.

सोयराबाई : भाऊजी, सतरा वर्षं झाली, तुम्ही बोलला न्हाईत.

रघुजी : कुणी विचारलं न्हाई.

सोयराबाई : तम्मा, हे बांधकाम हाय काय? वर बघ. पानं हायत.

श्रीकांत : झाड आहे हे मला दिसतं. साहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, नंबर आहे ना? मग बांधकाम.

सोयराबाई : त्यांनी झाड बघितलंय?

श्रीकांत : मंत्री आल्याशिवाय साहेब ऑफिस सोडत नाहीत. अक्का, मी प्रोबेशनवर आहे. चार वाजता हे उभं असलं तर माझी नोकरी आडवी. तिकडे आईनं या नोकरीच्या जोरावर तीन मुली बघून ठेवल्यात.

सोयराबाई : तिघी कशाला? बरं, तोड. मी उठत न्हाई. बंदूकवाल्या सरकारसमोर माझी सासू उठली न्हाई, अन् मी मत देऊन आणलेल्या सरकारसमोर उठू? झाड पडेल ते माझ्यावर. मग मलाही नंबर घाल. बी-आठ.

रघुजी : रंग न्हाई आता.

श्रीकांत : मल्लाप्पा! इकडे ये. बा, बा इल्ली.

सोयराबाई : त्याला कशाला हाक मारतोस? त्याची बायको सकाळीच पाया पडून गेली. बुंध्याला ते सूत तिनंच गुंडाळलंय. तो कुऱ्हाड देईल, चालवणार न्हाई.

श्रीकांत : मग मी चालवतो. मल्लाप्पा, आण ती कुऱ्हाड इकडे.

रघुजी : साहेब, उलटी धरलीत. धार तिकडं.

सोयराबाई : राहू द्या भाऊजी, शिकेल. तम्मा, तुझी आई आवळीभोजन करते काय?

श्रीकांत : करायची. पर्वतीच्या पायथ्याशी जायचो आम्ही सगळे. मग तिथे प्लॉट पडले.

सोयराबाई : अन् आता?

श्रीकांत : आता मंडईतून आवळ्याची फांदी आणते. बादलीत उभी करते आणि तिच्याखाली पान मांडते.

सोयराबाई : सावली पडते काय पानावर?

श्रीकांत : चटणीवर पडते.

सोयराबाई : आई काय म्हणते?

श्रीकांत : ‘जेवा’ म्हणते. वाढते... मल्लाप्पा, ही कुऱ्हाड घे. होडी घेऊन पलीकडे जा. मंत्र्यांना आणायचंय.

रघुजी : अन् झाड?

श्रीकांत : झाड आहे तिथे आहे. मंत्री उतरले की सर्वांसमोर सांगतो, बी-सात पाडायला मी नकार दिला. साहेबांना इथेच सांगतो, तोंडावर. काय करायचं ते करा.

रघुजी : साहेब, विचार करा. तीन मुली...

श्रीकांत : दोन मला पसंत नव्हत्याच. अक्का, चूल ठेवा तशीच. धूर दिसू दे काठावरून.

सोयराबाई : बैस आधी. उपाशीपोटी नोकरी सोडू नये. हे चित्रान्न घे, लोणचं घे. भाऊजी, तुम्ही पण बसा, अन् भाषणात हे घाला.

रघुजी : घालतो. ‘नोकरशाहीचा उद्दाम वरवंटा’ म्हणू काय?

श्रीकांत : म्हणा. माझं नावही घाला. मी उभा राहतो शेजारी.

रघुजी : मग ते रक्ताचं काढतो. दोन्ही बसायचं न्हाई.

सोयराबाई : जेवा आधी. भात निवतोय.

श्रीकांत : भात थोडाच. उभं राहून बोलायचंय... जेवता जेवता चार वाजून गेले. बँड वाजत होता ना काठावर?

रघुजी : वाजला. थांबला बी. मल्लाप्पा येतोय.

श्रीकांत : मी पुढे होतो. हात धुतो आणि होतो. होडीत किती जण आहेत?

रघुजी : एकटाच हाय. ओरडतोय कायतरी... आयतु म्हणतोय.

श्रीकांत : म्हणजे?

सोयराबाई : झालं म्हणून.

श्रीकांत : काय झालं?

रघुजी : उद्घाटन. फीत काठावरच कापली, म्हणतोय. मंत्री गेले, तुमचे साहेब बी त्यांच्याच गाडीतनं गेले.

श्रीकांत : बेटावर न येता?

रघुजी : होडीत मळमळतं म्हणे मंत्र्यांना.