सोमाच्या सायकलीचा डावा क्रँक

मी संध्या किशोर गायधनी, वय ४७ वर्षे, धंदा जुन्या सायकली दुरुस्ती, रा. देवळाली गाव, नाशिकरोड. समक्ष हजर राहून जबाब देते की,

घराखालीच माझं दुकान आहे. जुन्या इंग्रजी सायकलींच्या भागांवर जे शिक्के असतात, त्यावरून कंपनी आणि साल मी सांगते. त्यासाठी लांबून लोक येतात.

आज दुपारी धनराज नावाचा इसम टेम्पोतून एक सायकल घेऊन आला. तो सिन्नरकडचा, जुन्या सायकली घेतो-विकतो, पूर्वीही आलेला आहे. "ताई, हिचं साल काढून द्या, गिऱ्हाईक थांबलंय," म्हणाला. फ्रेमचा नंबर कानशीने घासून टाकलेला होता. घासलेली जागा ताजी होती, चकाकत होती. विचारलं तर म्हणाला, "मी घेतली तेव्हा तशीच होती."

मी मागच्या चाकाचा हब रॉकेलने पुसला. त्यावर ६२ आणि ५ निघालं, म्हणजे बासष्ट सालचा मे महिना. आमच्या कामात एका खुणेवर भरवसा ठेवत नाहीत. दुसरी जुळवायची आणि मोठ्याने म्हणत जायचं, म्हणजे नजर चुकत नाही. तशी मी म्हणत गेले. उजवा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, मूळ कंपनीचा होता. डावा भलत्याच कंपनीचा, त्यावरचा शिक्का उलटा ठोकलेला. तो मीच बसवला होता, सोमा गांगुर्डेच्या सायकलीला.

सोमा एकलहऱ्याचा, वीज केंद्रात कंत्राटी कामाला. दिवाळीच्या आधी सायकलवर घरी निघाला तो पोचलाच नाही. तो हरवल्याची नोंद तुमच्याकडेच आहे. त्याची बायको नवसाबाई अधूनमधून दुकानात येते आणि सायकल कुणी विकायला आणली का, विचारते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ही तर सोमाची. नवसाबाईला बोलावते, ती लगेच ओळखेल." कुठून बोलले असं झालंय मला. धनराज उठला आणि त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मी म्हणाले, "नाही हो भाऊ, चुकलंच माझं, असे क्रँक ढिगाने मिळतात." तो म्हणाला, "मग त्याच्या बायकोला कशाला त्रास देता?" नवसाबाई सोमाची कोण, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

तो सायकल टेम्पोत टाकून गेला. टेम्पोचा नंबर बघायचंही मला सुचलं नाही. नवसाबाईचा फोन लागेना म्हणून रिक्षाने एकलहऱ्याला गेले. दाराला नुसती कडी होती. शेजारच्या भागीबाई म्हणाल्या, "आत्ताच गेली ना ताई. टेम्पोवाला आला व्हता. म्हणे सोमाची सायकल घावली, वळखायला चला. लय खुश झाली, चप्पल बी घातली नाय."

तीच रिक्षा वळवून इथे आले आहे.

वरचा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही मागून करते. साहेब, आधी गाडी पाठवा.