माझ्या मागं घागरी

अंगदुखी काय असते, ते मला विचारा. तपासण्या सगळ्या चांगल्या, अन् अंग मात्र रात्रंदिवस ठणकतंय. लातूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "फायब्रोमायल्जिया आहे. रोज सकाळी थोडं थोडं चाला."

"टँकरवरून घागरी आणते की!"

"ते काम झालं. मोकळ्या हातानं चाला."

दुसऱ्या दिवशी निघाले. वळणावर मागं पाहिलं, तर अख्खी गल्ली घागरी घेऊन माझ्या मागं! शेजारच्या सुमनअक्का धापा टाकत म्हणाल्या, "टँकर कुठं आलाय गं?"

"न्हाई आला. व्यायामाला निघालेय."

"दुष्काळात व्यायाम? नंबर लावायला निघालीस, अन् आम्हाला सांगंनास!"

रोज तीच वरात. महिन्यानं डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुखणं कमी झालं का?"

म्हटलं, "माझं झालं थोडं. आता गल्लीचं सुरू झालंय."