एक पेटी, दोन वायरी आणि माझा गुडघा

...आणि वर मलाच विचारतात, "मावशी, उपाशी आहात ना?" अहो, कालपासून पोटात कण नाही, गुडघ्याचं ऑपरेशन सकाळी नऊला, आणि नऊला डॉक्टर म्हणतात, कॉम्प्युटरवर गुडघ्याचा फोटो उघडत नाही! का? तर साठा बसला! साठा म्हणजे तळघरातली डिस्कांची पेटी, अख्ख्या हॉस्पिटलचे फोटो तिच्यात. आणि ती सांभाळतो कोण? आमच्या शेजारणीचा जावई! जिन्यात भेटला की एकच पालुपद, "काकू, काळजी नको, दोन वाटा आहेत." म्हणजे पेटीला दोन वायरी, एक गेली की दुसरीवरून काम चालू.

मग काय, गाऊन सावरत, लंगडत मी तळघरात! बिचारा घामाघूम. म्हटलं, "काय रे, दुसरी वाट कुठे गेली?"

"आहे की, काकू! एकच वायर मेली. दुसरी जिवंत, डिस्कही जिवंत!"

"मग अडलंय कुठे?"

"नावात..."

आता बघा, डिस्क एकच, पण दोन वायरींतून दिसते म्हणून मशीन तिला दोन नावं देतं! अहो, मला सासरी वहिनी म्हणतात, माहेरी ताई, म्हणून मी काय दोन झाले? तर दोन्ही वाटांचं मिळून एक सामाईक नाव असतं, ते साठ्याला सांगायचं. ह्यानं घाईत सांगितलं पहिल्या वायरीचं! वायर मेली, नाव गेलं... डिस्क समोर उभी, आणि साठा म्हणतो, मी ओळखत नाही!

"मग सुधारलं का नाहीस?"

"पाच मिनिटं सगळं बंद ठेवावं लागतं. दोन वर्षं मागतोय, काकू. साहेब म्हणतात, दोन वाटा आहेत ना, मग कशाला?"

"आणि मला काळजी नको म्हणालास?"

"साहेबांनी तसंच सांगायला सांगितलंय..."

घ्या! पाच मिनिटं दिली नाहीत, पाच तास गेले. दोन वाजता पोरानं साठा बंद करून सामाईक नावानं परत चालू केला, फोटो उघडला, एक रेघ इकडची तिकडे नाही. पण डॉक्टर? गेले! म्हटलं, "सिस्टर, दुसरे नाहीत का?"

"आहेत की, मोकळेच बसलेत. थिएटरही रिकामं आहे."

"मग?"

"तुमचा कागद पहिल्या डॉक्टरांच्या नावावर आहे ना! गुरुवारी या. काळजी नको, मावशी, आपल्याकडे दोन डॉक्टर आहेत."

गुडघेही दोनच आहेत मला. एक मेला, तशी दुसऱ्यावर आले घरी... नाव न विचारता चालला हो बिचारा.