नेपच्यूनपलीकडचा बुढा

यानंच केलं सगळं. हाच माणूस, काकाजी, ज्याचा फोटो तुम्ही आत्ता माझ्या व्हॉट्सअॅपवर टाकला — प्राध्यापक जागेश्वर डाखोळे. नाही, फोटो खराब नाही, फोटो मस्त आहे, दहा बाय वीसचा फ्लेक्स केला तरी नाक फाटणार नाही. मॅटर खराब आहे. हे पाहा, काय लिहून आणलं तुम्ही — ‘नवीन ग्रहाचे जनक’. जनक! हे मी टाइप करणार नाही. बाकी सगळं करतो, ‘सेवानिवृत्तीनिमित्त भव्य सत्कार’ करतो, श्रीफळाचं चित्र टाकतो, खाली तुम्हा समितीवाल्यांचे गोल गोल फोटो लावून देतो, ज्याले जितका मोठा पाहिजे तितका — पण जनक नाही. काहून म्हणजे? बसा, सांगतो. मालक जेवाले गेले आहेत, मशीनवर दुसऱ्याचं प्रिंट चालू आहे, ते निघेपर्यंत तुमचं काही लागत नाही. बसा नं. स्टूल पुसून घ्या मात्र, शाई असते.

पहिली गोष्ट, तो ग्रहच नव्हता. नेपच्यून माहीत आहे? शाळेत घोकला असेल, आठवा, शेवटचा. त्याच्याही पलीकडं बर्फाचे गोळे फिरून राहिले, हजारोंनी. बहुतेक लहान, पण काही मोठे — म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाले जायचं तर इथून मुंबई गाठल्यासारखं. तिथून आपला सूर्यसुद्धा एक चांदणीच दिसते, भलती तेज, पण चांदणीच. मग इतक्या अंधारातलं बर्फ इथून कसं दिसणार? ठिपका दिसतो. ताऱ्यांच्या हजार ठिपक्यांत अजून एक ठिपका. तो तारा नाही हे कसं ओळखायचं? तारे जागचे हलत नाहीत, तो हलतो. आज काढलेला आभाळाचा फोटो अन् उद्या काढलेला त्याच जागेचा फोटो एकावर एक ठेवायचे, बटण दाबून हा दाखव, तो दाखव करत राहायचं — सगळे जागेवर, एक मात्र उडी मारतो. जवळचा असला तर मोठी उडी, लांबचा असला तर एवढीशी. एसटीच्या खिडकीतून नाही का, रस्त्याकडची बाभूळ सर्रकन जाते अन् टेकडी तिथल्या तिथंच? तसंच. आमच्या कॉलेजले बाहेरदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीचे फोटो येत होते, पोरांनी शोधाशोध करावी म्हणून तशी योजनाच असते. पोरांचा गट करायचा, गटाले प्रमुख शिक्षकच पाहिजे. जे काही सापडलं ते प्रमुखाच्याच पासवर्डनं पाठवायचं, दुसऱ्या कोणाचं ते लोक घेत नाहीत. इथंच मेलो आम्ही.

आम्ही म्हणजे मी अन् एक पोट्टी. वर्गातली. बाकीचे लवकरच कंटाळले, ठिपके पाहून कोणाचं पोट भरते? ही टिकली. नूपुर नाव — नरखेडकडची, घरी संत्र्याची बाग, इथं होस्टेलले राहे. दुपारी प्रॅक्टिकल आटोपलं का प्रयोगशाळेतल्या एका कम्प्युटरवर आम्ही दोघं. स्क्रीनवर खिडकीचा उजेड पडला तर असला फिका ठिपका दिसतच नाही, म्हणून सरनंच सांगितलं — ध्यान द्या काकाजी, सरनंच — ‘दार लावा, पडदे ओढा, डोळ्याले अंधाराची सवय होऊ द्या, मग पाहा.’ कामाची रीतच ती. ती बटण दाबे, मी पाहे, मग मी दाबे, ती पाहे, कारण एकाच माणसाचे डोळे फसतात. अन् डोकं तिचं चाले, माझं नाही. ती म्हणे, ‘सगळे उडी मारणारा शोधून राहिले गा, आपण सरकणारा शोधू.’ म्हणून एका रात्रीचे फोटो सोडून तीन वेगवेगळ्या रात्रीचे एकत्र घेतले. तेही कुठले? आकाशगंगेच्या दाटीतले, जे कोणी हातात घेत नाही, नुसती साबुदाण्याची खिचडी. त्यात ती स्क्रीनच्या कानाशी गेल्यासारखी पुटपुटत राहे — ‘सरक नं गा, सरक.’

अन् एका दुपारी तो सरकला. मी म्हटलं, ‘थांब वं, मागं घे.’ तिनं मागं घेतलं. ‘पुढं.’ पुढं घेतलं. एवढासा, तांदळाच्या कणीएवढा, पण सरकला, अन् त्या तिन्ही रात्री एकाच वाटेनं सरकला. तिनं माझं मनगट धरलं अन् दुसऱ्या हातानं बटण दाबतच राहिली, पुढं-मागं, पुढं-मागं, अन् मनगट काही — जाऊ द्या, ते सांगाचं नव्हतं. मग हिशोब केला, वेग पाहिला, किती लांब ते काढलं. नेपच्यूनच्या कितीतरी पलीकडं. अन् इतक्या लांबून एवढा दिसते म्हणजे लहानसहान नाही. चाल अशी म्हाताऱ्यासारखी म्हणून तिनं त्याचं नाव बुढा ठेवलं. ‘बुढा आज किती चालला गा?’ कँटीनमध्ये, पोराईसमोर असं विचारे, अन् पोराईले वाटे माझ्या बापाची चौकशी चालू आहे.

सरले दाखवलं. सरनं पेढे आणले, हे खरं, मी खोटं बोलणार नाही. पेढे वाटले, आमच्या पाठीवर थापा मारल्या, फोटो काढला, अन् पाठवलं नाही. ‘सर, ते मेल?’ ‘बेटा, पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवीन काही जाहीर करत नसतात.’ भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख, काकाजी! हसू नका. मी म्हटलं, जाहीर नका करू, नुसतं पाठवा. ‘पाठवणं म्हणजे जाहीरच की.’ बरं, पितृपक्ष संपला. नवरात्रात समिती बसली, नाव काय ठेवायचं त्याची! संस्थेच्या संस्थापकाचं ठेवायचं का त्याच्या मातोश्रीचं, यावर दोन गट पडले, चहा-आलुबोंडे झाले, एक सदस्य रागानं उठून गेला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी — ही म्हण कॉलेजच्याच कोणत्या तरी बैठकीत जन्मली असेल. अरे, नोंदच नाही झाली अन् बारसं करून राहिले! मग सरच्या मनात आलं, पाठवायचं ते मंत्रीसाहेबांच्या हातानं बटण दाबून, स्टेजवर, संस्थापकाच्या जयंतीच्या दिवशी. मंत्र्याची तारीख मिळाली, तर निवडणुकीची आचारसंहिता लागली. मंत्री येत नाही, मंत्री येत नाही तर स्टेज नाही, स्टेज नाही तर बटण नाही. अन् तिकडं आभाळ थांबते काय? असा एखादा सापडला का मागोमाग दुसऱ्या दुर्बिणीनं पाहावं लागते, तेव्हा त्याची वाट पक्की होते. आमचा बुढा ज्या आंगाले होता तिकडंच सूर्य सरकून राहिला होता. दिवाळी झाली का तो भाग संध्याकाळच्या उजेडात बुडणार, मग कित्येक महिने कोणालेच दिसत नाही. सरले हे माहीत नव्हतं? त्याईनंच शिकवलं आम्हाले, फळ्यावर चित्र काढून!

घड्याळ काहून पाहून राहिले? प्रिंट निघायले वेळ आहे. काय? साळे? तुम्ही डाखोळे सरचे साळे? अच्छा, म्हणजे हे जनक-बिनक तुमच्या ताईनं लिहून दिलं. बरं झालं मग. घरच्या माणसानं ऐकलंच पाहिजे. नाही नाही, उठू नका, आता तर चहाच सांगतो तुमच्यासाठी. नको? बरं.

तर नूपुरनं सरले विचारणं बंद केलं. एक दिवस तिनं त्या योजनेवाल्यांले सरळ मेल टाकला — आम्हाले हे सापडलं, ही घ्या जागा, ह्या घ्या तीन रात्री, आमचे गटप्रमुख पाठवत नाहीत, तुम्ही तरी पाहा. काय चुकलं त्यात? त्यांचं उत्तर आलं, भारी गोड भाषेत: अभिनंदन, कृपया गटप्रमुखामार्फत पाठवावं. अन् ते उत्तर सरलेही गेलं. सर आमच्यावर चिडले नाहीत, काकाजी. आवाज नाही केला. चिडले असते तर परवडलं असतं. त्याईनं नरखेडले फोन लावला, तिच्या बापाले. म्हणे, ‘तुमची मुलगी एका मुलासोबत दार लावून अंधारात बसते, पालक म्हणून तुम्हाले माहीत असावं, माझं कर्तव्य होतं.’ यातला एक शब्द खोटा नाही! दार लावलं होतं. अंधार होता. मी होतो. ज्यानं दार लावाले सांगितलं त्यानंच —

दुसऱ्या दिवशी बाप आला, मोटरसायकलवर, होस्टेलमधून बॅग घेतली, कॉलेजच्या गेटजवळ तिले मागं बसवलं. मी धावलो. काकाजी, काकाजी करत — तुम्हाले म्हणतो तसंच. म्हटलं, आम्ही काम करत होतो, सरले विचारा, त्याईनंच सांगितलं होतं. त्यानं मले एकच विचारलं, आडनाव काय. मी म्हटलं, पराते. त्यानं मान हलवली. समजलं म्हणून हलवतात तशी. कोष्ट्याचं पोरगं, एवढं समजलं त्याले, बस, अजून काही समजाची गरज नव्हती. किक मारली. अन् ही पोट्टी, मांडीवर बॅग, डोळे असे सुजलेले, वळून ओरडते काय? ‘मेल टाक गा परत!’ माझ्यासाठी नाही ओरडली. बुढ्यासाठी. किंवा माझ्यासाठीच असेल, मले आजवर कळलं नाही. मी मेल टाकला. तेच गोड उत्तर आलं. गटप्रमुखामार्फत पाठवावं.

मग थंडीत सत्कार झाला, मंत्र्याशिवायच. गेटवर फ्लेक्स लागला: सरचा फोटो एवढा, मागं शनीचं कडं — शनीचं! — अन् ‘खगोलविश्वात खळबळ’. खाली बारीक अक्षरात ‘सहकार्य: भूपेश पराते’. नूपुरचं नाव कुठंच नाही. मी तो फाडला. हातानं नाही फाटत तो, तुम्हाले माहीत नसेल, ब्लेड मारावं लागते. कॉलेजनं घरी पत्र पाठवलं. अन् आमचे बाबा — कोराडीच्या वीजघरात ठेकेदाराकडं राखेच्या कामावर, साहेब दिसला का कमरेतून आपोआप वाकतात — मले धरून धरमपेठेले घेऊन आले, तुमच्या भाऊजीच्या घरी. ताईनं चहा दिला. बाबा म्हणे, पाया पड. मी नाही पडलो. तर तेच पडले. पोराच्या बदल्यात बाप. अन् सरनं आशीर्वाद दिला, डोक्यावर हात ठेवून! ‘पोरं आहेत, चुकतात.’ मी तिथून उठलो तो कॉलेजले गेलोच नाही. सरचं सोडा, मी बाबाले माफ नाही केलं. तुमच्या पिढीले वाकणं म्हणजे संस्कार वाटते. वाकलेल्या माणसाच्या पोराले काय वाटते ते कोणी विचारलं का कधी?

थांबा, संपत आलं. बुढा पुढच्या वर्षी सूर्यामागून निघाला. अन् बाहेरदेशातल्या कोणत्या तरी गटाले सापडला, कोणाच्याही मेहरबानीशिवाय. त्याईनं त्याच आठवड्यात पाठवला, दुसऱ्या दुर्बिणीनं पाहिला, वाट पक्की झाली, यादीत आला. यादी कोणालेही पाहाले मिळते. मी मोबाइलवर पाहिली, इथंच, या स्टुलावर. त्याची वाट उलटी मोजत गेलो, मागच्या सप्टेंबरपर्यंत, तर आमच्या ठिपक्यांवर. तिन्ही. केसाचा फरक नाही. आम्ही बरोबर होतो, काकाजी! मले इतका आनंद झाला — तुम्हाले वाटेल राग आला असेल, नाही, आधी आनंदच झाला, मी मशीन सोडून बाहेर रस्त्यावर गेलो अन् फोन लावला. अख्ख्या जगात एकाच माणसाले ते सांगाचं होतं. ‘आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही.’ तरी परत लावला. होस्टेलमधल्या तिच्या मैत्रिणीले, वेदिकाले विचारावं म्हटलं, तर वेदिकाच्या स्टेटसवर हळदीचे फोटो. नूपुरचे. पाटावर बसली होती, खाली मान. तिले अजून माहीत नसेल का बुढा सापडला. तिले वाटत असेल आपण चुकलो होतो. तिथं, कोणाच्या तरी घरी, भाकरी थापता थापता तिले वाटत असेल का आपले डोळेच फसले —

काय म्हणता? जोरात बोला, मशीनचा आवाज आहे. ‘झालं गेलं, तुझं वय काय, तुझं असं काय गेलं’? सरच्या घरचेच शोभता. बाकीचा मजकूर मी लावून ठेवतो, तो एक शब्द दुसऱ्या दुकानातून छापून चिकटवा. निघा आता. विचारलंच आहे तर ऐकून निघा. माझं शिक्षण गेलं. अन् नूपुर गेली.