फोटो सगळ्यात खाली

—तेच तर म्हणते दादा, माझ्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. पोलिसांचा नाही, चाळीतल्या बायांचा नाही, घरच्या माणसाचा तर नाहीच. मी घसा फोडून सांगत होते, माझी सोनी पळून गेलेली नाही. चौकीतला साहेब म्हणाला, मावशी, एकोणीस वर्षांची मुलगी, पंधरा दिवस थांबा, जावई घेऊन येईल. आणि नेमका त्याच दिवशी समोरच्या खोलीतला संजू गावी गेला—मग काय, लागली जोडी. तो बिचारा आईच्या दुखण्यापायी धुळ्याला गेलेला, एकटा, पण हे कळायला महिना गेला. तोवर इथे सामरवरणीत चाळीच्या नळावर बायांनी माझ्या पोरीचं लग्नसुद्धा लावून टाकलं.

बसा, उभे काय राहिलात. खानवेलहून आलात, पाणी तरी घ्या. चहावाल्याला मी काय चहा पाजणार.

तर ते ब्लॉगचं. मी चौथी शिकलेली, मला काय ठाऊक ब्लॉग म्हणजे काय. मी जिच्याकडे पोळ्या करते ना, त्या नाशिकच्या मॅनेजरची बायको, अदितीताई—तिनं काढला, खास सोनीसाठी, नवा कोरा. मी सांगायची, ती टाईप करायची. मग ते आपल्या खानदेशातल्या लोकांच्या ग्रुपांवर सोडलं, तुमच्याकडेही तसंच आलं. रोज तव्यावर पोळी टाकली की मी विचारायची, ताई, किती जणांनी वाचलं? ती म्हणायची, उघडलं दोनशे बारा जणांनी, शेवटपर्यंत गेले चार. चार. बाकीचे कुठे गेले? म्हणे वाचणारा अर्ध्या मिनिटात ठरवतो, थांबायचं की निघायचं. अर्ध्या मिनिटात माझी पोळी फुगत नाही हो, आणि हे माणसाचं ठरवून मोकळे.

तुम्ही कुठवर वाचलंत तेव्हा? नाही, सांगाच. चौथी ओळ—शाळेतल्या बक्षिसापाशी. बरं. आणि ती तेव्हा कुठे होती? मघाशी सांगितलंत, पण मला परत ऐकायचंय. तुमच्या टपरीच्या बाकड्यावर. निळा ड्रेस, एकाच पायात चप्पल. घरातून गेल्याचा तिसरा दिवस तो. तुम्ही चहा दिलात, खारी दिलीत, नाव विचारलंत तर नुसती बघत राहिली. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तुम्ही मोबाईल काढलात, तर त्यात हेच आलेलं—तिचंच—आणि कोणीतरी आपल्या पोरीचं कौतुक लावलंय म्हणून बंद केलंत. ती तुमच्यापासून दोन हातांवर बसलेली. संध्याकाळी तुम्हीच तिला महाराष्ट्राकडच्या गाडीत बसवून दिलंत, का तर तिनं तिकडे बोट दाखवलं. इकडची, सिल्वासाची गाडी तिथेच उभी असेल की नाही? तासाभरात पोरगी घरात आली असती. अन् बोटाचं काय घेऊन बसलात, तसं झालं की ती कुठेही बोट दाखवते—

असू दे ते.

आणि काल, चार महिन्यांनी, सहज खालपर्यंत ओढलंत तेव्हा फोटो दिसला. रागावू नका, पण तुम्ही आल्यापासून तुमचे हात बघतेय मी, त्या दिवशी आणखी दोनदा बोट फिरवलं असतं तर काय झिजलं असतं? आणि ताईचाही राग येतो. एवढी शिकलेली बाई, फोटो वर लावावा हे कळू नये? …तिनं म्हटलं होतं म्हणा. मावशी, फोटो वर, नंबर वर, बाकीचं मागाहून, असंच म्हणाली होती. मी नको म्हटलं. नुसतं तोंड दाखवलं असतं तर लोकांनी नळावरच्या बायांसारखंच बघितलं असतं, ही बघा पळालेली. म्हणून आधी घराणं सांगितलं, बक्षीस सांगितलं, कंपनीत पॅकिंगला होती पण मान वर करून कोणाशी बोलली नाही, संकष्टी धरायची, सगळं सगळं. आधी लोकांचा विश्वास बसू दे, मग माझ्या पोरीचा चेहरा. कोण थांबणार होतं हो एवढं वाचायला? मी तरी दुसरीच्या पोरीचं वाचलं असतं का?

काय म्हणता? कसल्या गोळ्या? …त्या फळीवरच्या होय. तिच्याच आहेत. दोन वर्षांमागे ताप मेंदूत गेला होता, तेव्हापासून मधूनच सगळं पुसलं जातं, स्वतःचं नावसुद्धा. चार-चार दिवस. नाही, ते नाही लिहिलं. ताईनं विचारलं होतं, काही खूण, काही दुखणं? मी म्हटलं, धडधाकट आहे. पोलिसांनाही तेच. चिंधाला, माझ्या नवऱ्याला, वाटायचं पोरगी बरी झाली, कारण शेवटचे दोन झटके मी त्याच्यापासूनही दडवले. किलवणीचं स्थळ होतं हो. नवनाथ नाव मुलाचं. हो म्हणायच्या बेतात होते ते लोक. पोरगी सापडेल आणि स्थळ जाईल, याची भीती वाटत होती मला—पोरगीच जाईल याची नाही.

एक सांगा. पहिल्याच ओळीत असतं, या मुलीला स्वतःचं नाव आठवत नाही, तर तुम्ही बंद केलं असतं? मान नका हलवू, तोंडानं बोला. …नसतं. वाचता वाचता बाकड्याकडे बघितलं असतंत.

उठा आता. चौकीत जा, गाडीचं सांगा. चार महिन्यांत ती गाडी कुठे आणि माझी पोर कुठे, पण सांगा. साहेब विचारेल, इतके दिवस कोणापायी गेले. स्वतःचं नाव घेऊ नका. ताईचंही नको, ती अजून रोज ब्लॉग उघडून बघते. त्याला म्हणावं, सोनीच्या आईचं लिहा. पुतळाबाई.