अकरा पायऱ्यांचं मायलेज

...नाही, तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? साधा प्रश्न होता हो. हायब्रिड घ्यावी की पेट्रोलचीच, पण कमी पिणारी? दोन गाड्या, त्यातली एक घ्यायची. एवढ्यावरून आज माझ्याच घरात मला कोणी चहा विचारत नाही.

तुम्हाला सांगतो, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू. त्या एकट्या राहतात, तीन तासांवर, आणि वाटेत मोठा चढ. आमची जुनी गाडी गावात चालते, पण चढ दिसला की तिचं डोकं तापतं, अगदी माझ्यासारखं. तर मी बायकोला शब्द दिला, "आईंना नव्या गाडीतून आणू, ऑपरेशन इथेच करू." दोन महिने हातात होते. दोन महिन्यांत लोक लग्न जमवतात, मोडतात, परत जमवतात...

आता मी पडलो शिंपी. चौतीस वर्षं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही. म्हटलं, चार जणांना विचारू. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हायब्रिड म्हणजे हायब्रिड. विषय संपला." याच्याकडे धड सायकल नाही, आणि हा विषय संपवतोय. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, पेट्रोलची घ्या. त्या बॅटरीचं काही झालं तर माझ्या दारात आणू नका." अरे, मग कुणाच्या दारात आणू? साधा प्रश्न होता हो.

शोरूममधला टायवाला तर गोड बोलून जीव घेणारा. "सर, सिग्नलला इंजिन बंद. ब्रेक दाबला की बॅटरी चार्ज. थांबाल तितका फायदा." थांबण्यातच फायदा असेल तर मी घरीच थांबतो की, गाडी कशाला घेऊ? तर म्हणतो, "सर, ते तुमच्या रनिंगवर आहे. रोज गर्दीत फिरत असाल तर हायब्रिडची जादा किंमत वसूल होते, नाहीतर पेट्रोलचीच बरी. तुमचं रोजचं रनिंग किती?"

झालं. डोक्यात किडा घुसला. मला काय माहीत किती? माप नको काढायला? आणली एक वही, गाडी हलली की लिहायचं. सहा आठवडे लिहिलं. बायको रोज विचारायची, "अहो, आईला काय सांगू?" मी म्हणायचो, "माप पुरं होऊ दे." ऑपरेशनच्या दोन दिवस आधी बेरीज मारली. सहाशे बारा किलोमीटर. त्यातले पाचशे चौऱ्याऐंशी शोरूमला जाऊन-येऊन. अठ्ठावीस मेकॅनिककडे. आणि दुकानाचे शून्य. शून्यच येणार ना, दुकान घराखाली आहे, अकरा पायऱ्या... चौतीस वर्षं मी त्या उतरतोय, आणि हे मला वहीने सांगावं?

पण ठरलं एकदाचं. पेट्रोलची. तसाच उठलो, बुक करायला निघालो, तर शोरूमच्या दारातच जुनी गाडी बसली ती बसलीच. टायवाला धावत आला. म्हणतो, "सर, पेट्रोलचीला आठ आठवडे थांबावं लागेल. हायब्रिड हवी तर उद्या सकाळी दारात उभी करतो." दुसरा कोणी असता तर त्याने टायवाल्याचे हात धरले असते. मी काय म्हणालो? "विचार करून सांगतो."

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सरळ पिशवी भरली आणि बस धरून आईकडे गेली. ऑपरेशन तिकडेच झालं. आज दुपारी दोघी आल्या, बसनेच, उभ्याने, सासूबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे होऊन त्यांची पिशवी घेतली, तर उघड्या डोळ्याने मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "सावकाश ठरवा जावईबापू. अजून दुसरा डोळा बाकी आहे."

त्याची तारीख सहा आठवड्यांनी आहे. आणि पेट्रोलचीला, सांगितलं ना, आठ.

साधा प्रश्न होता हो...